तांबड्या पट्ट्याची ओळख करून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्यातल्या आमच्या वाडीला तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत.

तुम्हाला बोलावलं होतं ते बोअरची जागा दाखवायला. दोन बोअर कोरडे गेलेले, तिसऱ्याची वर्गणी जमलेली. तुम्ही मात्र समोरच्या सज्जनगडाकडे बघत बसलात. गड म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड, असं मी लहानपणापासून ऐकलेलं, तेच विचारलं. तुम्ही शांतपणे समजावलंत: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा उतू आला आणि थरावर थर चढत गेले. गडाचे कडे आणि पलीकडच्या डोंगराचे कडे तुम्ही आडव्या हाताने एका रेषेत धरून दाखवलेत. मधला डोंगर उरमोडी नदीने आणि पावसाने वाहून नेलाय, गड हा त्यातला उरलेला तुकडा. त्या दिवसापासून मला ती मोकळी दरीसुद्धा डोंगरासारखी दिसते.

मग तुम्ही आम्हाला उतारावर नेलंत. दोन कातळांच्या मधे हातभर जाडीचा तांबडा पट्टा. आम्ही त्याला नुसती गेरूसारखी माती म्हणायचो. एक लाव्हा थंड होऊन झिजला, वर माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती खापरासारखी भाजली, हे ऐकून म्हातारी माणसंसुद्धा वाकून बघायला लागली. वरच्या जांभ्यातून, कातळाच्या चिरांतून मुरलेलं पाणी या चिकट थरावर अडतं आणि आडवं सरकत उताराला बाहेर पडतं. आमचा बुजलेला जुना झरा नेमका त्याच पट्ट्यावर होता! आजोबांच्या पिढीला जागा ठाऊक होती, पण त्यामागचं कारण आम्हाला तुमच्याकडून कळलं.

बोअरची वर्गणी आम्ही झऱ्यातला गाळ काढायला आणि दगडी कुंडी बांधायला वापरली. वरच्या उतारावरचं मुरूम काढणंही ग्रामसभेत थांबवलं. यंदा वैशाखात कुंडी आटली नाही. धार बारीक होती, पण बायकांची खालच्या ओढ्यापर्यंतची खेप वाचली. माझ्या आईचे गुडघे तुम्हाला दुवा देतात.

तुम्ही भाड्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, भाकरी-पिठल्यावर समाधान मानलंत. एकदा परत या. पोरांना घाटरस्त्याच्या कडेला आणखी एक तांबडा पट्टा सापडलाय, त्याच्याखाली दगडाला बारीक पांढरे स्फटिक आहेत. कुणालाही हात लावू न देता त्यांनी तुमच्यासाठी ते जपून ठेवलेत.

तुमचाच,
वाडीतला एक शेतकरी