तिलोसकरांचे जाहीर आभार

ऱ्होड्सजवळच्या तिलोस या ग्रीक बेटावर विमानतळ नाही. बोटीनेच जायचं, आणि उन्हाळ्यात मेल्तेमी हा उत्तरेचा वारा खवळला की बोटी बंद. आमची परतीची बोट अशीच रद्द झाली. लिवादिया बंदरातल्या तिकीटखिडकीवरच्या ताईंनी स्वतःच फोन फिरवून आमच्यासाठी खोली मिळवली आणि आईला बसायला आपली खुर्ची दिली. ताई, मनापासून आभार.

आई मांसमच्छी खात नाही हे कळल्यावर खानावळीतल्या आजींनी काही न विचारता छोल्यांचं गरम कालवण आणि पाव पुढे ठेवला. आईने दोनदा मागून घेतलं, हे घरी कुणाला खरं वाटत नाही!

मेगालो खोरिओ या गावाकडे पायी निघालो होतो, तर एका टेम्पोवाल्या काकांनी थांबून आम्हाला वर घेतलं. वाटेत त्यांनी खारकादिओची गुहा कुठे ते हाताने दाखवलं. तिथे १९७१ मध्ये बुटक्या हत्तींची हाडं सापडली. काकांनी हात कमरेच्या जरा वर धरून उंची सांगितली. भाषेची अडचण तेवढ्यापुरती मिटली. पेट्रोलचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत, उलट आम्हालाच अंजिरं दिली.

ओसाड पडलेल्या मिक्रो खोरिओ गावाची पायवाट सांगणाऱ्या मेंढपाळदादांचे आणि आईची काठी शोधून धक्क्यावर पळत आलेल्या मुलाचेही आभार. बेटावर पुन्हा येणारच आहोत, पण ऑगस्टमध्ये मुळीच नाही.