रांजणगावचे इंजिन, तीन बोधचिन्हे

संपादक महोदय,

जीप कंपास चालवणारे अनेकजण ‘अमेरिकन इंजिन’ म्हणून कौतुक करतात. त्यातले डिझेल इंजिन मुळात फियाटचे, इटालियन घराण्यातले, आणि तयार होते पुण्याजवळ रांजणगावला. १९५६ सीसीचे हेच चार सिलिंडरचे इंजिन टाटा हॅरिअरमध्ये ‘क्रायोटेक’ नावाने बसते, एमजी हेक्टरमध्येही तेच. बीएस-६ या प्रदूषण नियमांनंतर तिघांतही ताकद १७० पीएस, टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३५० एनएम. हॅरिअरला २०१९ मध्ये मात्र १४० पीएसच दिली होती. नुसते बोधचिन्ह पाहून इंजिनाची पारख करू नये, ते यासाठीच.

टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रणेचा) जोर साधारण १७५० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तितक्या फेऱ्यांना, येतो. त्याखाली गाडी जड वाटते, म्हणून घाटात वरचा गिअर ओढत बसू नका, एक खाली घ्या.

खरी कटकट डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. सायलेन्सरच्या वाटेवरच्या या गाळणीत काजळी साठते. ती जाळायला इंजिन जादा डिझेल सोडते. रोज चार किलोमीटर ऑफिस गाठणाऱ्याची गाडी काजळी जळत असतानाच बंद केली जाते, ती अर्धवट जळते आणि थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ झालेय. डीपीएफचा दिवा लागताच मोकळ्या रस्त्यावर २००० आरपीएमच्या वर १५-२० मिनिटे न थांबता चालवा. रोजचा प्रवास चार किलोमीटरांचाच असेल, तर पेट्रोल गाडीच घ्यावी.

— एक वाचक, शिरूर