डोळा धर, बाकीचं जाऊ दे

प्रिय अव्या,

तुझं पत्र आणि सोबतचे मॅक्रो फोटो, म्हणजे किड्यांचे अगदी जवळून काढलेले, मिळाले. आधी हेवाच वाटला. जंपिंग स्पायडर, म्हणजे उड्या मारणारा कोळी, इतक्या जवळ येऊ देतो आणि पळतही नाही, हे सुरुवातीलाच तुझ्या नशिबी आलं! पण खाली तू जे विचारलंयस, की पाचपट मोठं दाखवणारी लेन्स घेऊ का, त्याचं उत्तर सरळ आहे: नको. निदान आत्ता तरी नको. तुझ्या फोटोंची गोम लेन्समध्ये नाहीच.

कोळ्याची पाठ बघ. एकेक केस मोजून घ्यावा इतकी लख्ख आलीय. आणि डोळे धूसर. कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलंय, फक्त भलत्या जागी. किडा जेवढा आहे तेवढाच कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर उमटतो तेव्हा, म्हणजे लाइफसाइजला, लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र बारीक) नीट फोकसमध्ये येणारी पट्टी जेमतेम सव्वा मिलिमीटरची असते. दुप्पट मोठं केलंस की अर्ध्या मिलिमीटरवर येते. पाचपटीला तर मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश हाती लागला तरी खूप. सव्वा मिलिमीटर जिथे सांभाळता येत नाही, तिथे ही नवी लेन्स घेऊन तू करणार काय?

मग अ‍ॅपर्चर आणखी बंद करतो, असं म्हणशील. त्यालाही मर्यादा आहे. लाइफसाइजला एफ/२२ लावलंस की प्रत्यक्षात ते एफ/४४च्या घरात जातं. उजेड तर कमी होतोच, वर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, सगळा फोटोच मऊ पडतो. पट्टी रुंद झाली, पण तिच्यातली धार गेली. मी एफ/८ ते एफ/१४च्या बाहेर सहसा जात नाही.

तेव्हा पट्टी पातळच राहणार हे मान्य करून टाक आणि ती कुठे ठेवायची एवढंच ठरव. माझ्या मते मॅक्रोमध्ये ठरवायची गोष्ट ही एकच आहे. ती डोळ्यावर ठेव. डोळा सापडला की मागचं पोट, पाय, पंख वितळून गेले तरी बघणाऱ्याची तक्रार नसते. डोळा सुटला की बाकी कितीही लख्ख असो, फोटो मेला.

ऑटोफोकस बंद कर. किती मोठं हवंय ते लेन्सवर आधी ठरव आणि मग रिंगला हात लावू नकोस. फोकस स्वतःच्या अंगाने करायचा: श्वास सोडत किंचित पुढे झुकायचं आणि डोळा लख्ख दिसला की बटण दाबायचं. किडा काडीवर असेल तर डाव्या हाताच्या दोन बोटांत काडी अलगद धर आणि लेन्सचं टोक त्याच हातावर टेकव. मग वाऱ्याने काडी हलली काय किंवा तू डुललास काय, काडी आणि कॅमेरा बरोबरच हलतात. ट्रायपॉडपेक्षा ही युक्ती मला कितीतरी जास्त उपयोगी पडते. ट्रायपॉड लावून होईपर्यंत किडा मुक्काम हलवतो.

आता तुझ्या कोळ्याबद्दल. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरच्या मधल्या दोन मोठ्या डोळ्यांत एक गंमत आहे. हे डोळे आतून लांबट नळीसारखे असतात. बाहेरचं भिंग डोक्याला पक्कं बसलेलं, ते हलत नाही. हलतो तो नळीच्या तळाशी असलेला दृष्टिपटल, आणि त्याला हलवणारे स्नायूही आतच असतात. त्यामुळे बाहेरून बघताना डोळ्याचा रंग बदलल्यासारखा दिसतो, कधी तपकिरी, कधी हिरवट, आणि मधेच एकदम काळाभोर. काळाभोर झाला की समज, तो थेट तुझ्याकडे, म्हणजे लेन्सकडे बघतोय. तो क्षण पकड. दोन्ही डोळे एकदम काळे झालेल्या फोटोत जी नजर येते, ती नंतर कॉम्प्युटरवर कितीही खटपट केलीस तरी आणता येत नाही.

त्याच्या पोटाच्या टोकाकडेही लक्ष ठेव. उडी मारायच्या आधी तो टोक पानाला टेकवून रेशमाचा धागा चिकटवतो. धागा चिकटला की उडी येणार, आणि बऱ्याचदा ती लेन्सवरच येते. घाबरू नकोस, तो नुसता चौकशीला येतो. बोटाने झटकू मात्र नकोस.

प्रार्थना कीटकाचं बरोबर उलटं. त्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका असतो आणि तू कुठूनही बघ, तो तुझ्याकडेच वळलेला. पण तिथे काही वळत नसतं. संयुक्त डोळ्याचे जे बारीक कप्पे नेमके तुझ्या दिशेला असतात, ते तिकडून आलेला प्रकाश गिळून टाकतात म्हणून काळे दिसतात. म्हणजे कोळी खरंच बघतो, आणि हा बघतोय असं आपल्याला वाटतं. फोटो काढणाऱ्याला मात्र ही फसवणूक फुकटात मिळते, कुठूनही काढा, नजरानजर झालेलीच.

प्रकाशाचं सांगायचं राहिलं. तुझ्या भुंगेऱ्याच्या पाठीवर जो पांढरा डाग पडलाय तो फ्लॅशचा. चकचकीत पाठ म्हणजे आरसाच, समोर जे असेल तेच दाखवते. उघडा फ्लॅश म्हणजे छोटा, रागीट ठिपका. त्याच्यापुढे दुधी प्लास्टिकचा किंवा पॅकिंगच्या पातळ फोमचा मोठा पडदा लाव आणि तो किड्याच्या शक्य तितका जवळ आण. लहान किड्याच्या मानाने तेवढा पडदा आभाळाएवढा होतो आणि डाग पसरून मऊ होतो. फ्लॅशची पॉवर कमी ठेवलीस की तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ पेटतो, त्यामुळे हात हलल्याची काळजी मिटते. मागची पार्श्वभूमी काळीकुट्ट येते ती उजेड तिथवर पोचत नाही म्हणून. मागे जवळच एखादं पान येईल असा कोन धर, झालं.

वेळ म्हणशील तर पहाट. रात्रभर गारठलेले किडे ऊन लागेपर्यंत सुस्त असतात. काही एकट्या राहणाऱ्या मधमाश्या जबड्याने काडी घट्ट धरून, पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या सापडतात. चतुर दवाने माखून बसलेला असतो. त्याने पंख थरथरवायला सुरुवात केली की तो अंग तापवतोय असं समज. त्यानंतर तुझ्याकडे फारसा वेळ नाही.

फोकस बदलत बरेच फोटो काढून ते एकत्र जोडायचं तंत्र, स्टॅकिंग, याच वेळी जमतं. मी डोक्यापुरतं दोन-चार फ्रेमचं करतो. मिशीपासून शेपटापर्यंत सगळंच धारदार केलेले फोटो मला टाचणीला टोचलेल्या नमुन्यासारखे वाटतात. माझं मत आहे, भांडायचं असेल तर ये.

फ्रिजबद्दल मात्र भांडण नको. किडा गार करून, निपचित पाडून फोटो काढायचा सल्ला तुलाही कोणीतरी देईल. खोड जुनी आहे. रॉबर्ट हूकने १६६५ साली छापलेल्या चित्रांसाठी एक मुंगी स्थिर बसेना म्हणून तिला ब्रँडी पाजली होती. तासाभराने ती शुद्धीवर आली आणि धावत सुटली, हेही त्यानेच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. त्याला हाताने चित्र काढायचं होतं, तुझ्याकडे फ्लॅश आहे. शिवाय गारठवलेल्या किड्याचे पाय विचित्र दुमडलेले आणि मिश्या पडलेल्या असतात, जाणकाराला ते लगेच कळतं.

पुढच्या वेळी क्रॉप न केलेल्या मूळ फाइल पाठव, फसलेल्यासुद्धा. फसलेल्या फोटोंत पट्टी कुठे पडली ते बघूनच तुझा हात पुढे झुकतो की मागे, ते मला सांगता येईल.

तुझा,
निन्या

ता. क. अगदीच राहवत नसेल तर कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायची एक्स्टेन्शन ट्यूब घे. आत काच नसते, नुसती पोकळ नळी, त्यामुळे लेन्सच्या दर्जाला फारसा धक्का नाही. फक्त उजेड कमी होतो आणि किड्याच्या आणखी जवळ जावं लागतं. गांधीलमाशीवर पहिला प्रयोग करू नकोस.