हातांचे काम वेदीवर

संपादक महोदय,

पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक संत जोसेफ यांचा सण ठरवला. तरीही मिसा (चर्चमधली मुख्य उपासना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणजे भक्ती आणि सोमवार ते शनिवारचे काम म्हणजे पोट, ही समजूत आम्हा ख्रिस्ती लोकांत घट्ट आहे. ती चुकीची आहे.

वेदीवरची ओस्त, म्हणजे मिसेत अर्पण होणारी पातळ भाकर, म्हणजे फक्त गव्हाचे पीठ आणि पाणी. मीठ नाही, खमीर नाही. तरी अर्पण करताना पाद्री तिला मानवी हातांच्या श्रमाचे फळ म्हणतात. मग हात कसे राबले, हा प्रश्न प्रार्थनेचाच झाला.

पोदेराचे, म्हणजे पाव भाजणाऱ्याचे, काम पाहा. दहा किलो मैद्याला साधारण सहा लिटर पाणी आणि दोनशे ग्रॅम मीठ. मीठ नुसते चवीसाठी नसते. ते खमिराला आवरते आणि पिठाला ताठपणा देते. विसरले तर गोळे पसरतात. मे महिन्याच्या उकाड्यात जानेवारीइतकेच यीस्ट घातले की पीठ वेळेआधी फुगते, आंबट वास सुटतो, पाव भट्टीत बसतो आणि फिका राहतो. म्हणून यीस्ट कमी करायचे, पाणी गार घ्यायचे. पूर्वी यीस्टऐवजी सुरेवर, म्हणजे माडीवर, पीठ फुगवत तेव्हा तर हा अंदाज रोज नव्याने बांधावा लागे. भट्टी तापली की निखारे ओढून तळ ओल्या गोणपाटाने पुसायचा आणि थांबायचे. चिमूटभर पीठ टाकताच काळे पडले, तर आणखी थांबायचे. घाई केली की बूड करपते आणि आत कच्चे राहते. हे लक्ष देणे, हे थांबणे, यालाच आम्ही प्रार्थना म्हणतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठाच्या भांडारप्रमुखाला सांगितले होते, की मठातली सगळी भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मान. पीठ मळायची परातही त्यात आली.

मैदा हलका निघाला म्हणून पोटॅशियम ब्रोमेट हे रसायन घालणे (२०१६पासून देशात त्यावर बंदी आहे), गोळा चार-पाच ग्रॅम कमी तोडणे, रंग लावलेले जुने लाकूड जाळून त्याचा धूर पावावर बसू देणे, ही पापेच आहेत. कुमसारात, म्हणजे पाद्रीपुढच्या पापकबुलीत, ती सांगायला हवीत. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे, असे बायबलमधली नीतिसूत्रे सांगतात. ती तागडी बाजारातलीच आहे.

आणि मजूर? रात्री पीठ मळायला उठणारा अनेकदा परराज्यातला असतो, अनेकदा ख्रिस्ती नसतो. दहा आज्ञांपैकी विश्रांतीच्या दिवसाच्या आज्ञेत चाकराचा आणि वेशीतल्या परक्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याची आठवड्याची सुट्टी आणि वेळेवर मजुरी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोबाच्या पत्रात लिहिले आहे.

येत्या १ मे रोजी अर्पणाच्या मिरवणुकीत फुलांबरोबर पोदेराचे लांब दांड्याचे फावडे आणि रेंदेराची, म्हणजे माडावरून सुर काढणाऱ्याची, काती (कोयती) यावी. उपदेशात वजन, मजुरी आणि सुट्टी यांविषयी सरळ बोलले जावे. गिऱ्हाइकांनीही एक करावे: भट्टीवरच्या माणसाला रविवार मोकळा मिळावा म्हणून शनिवारीच दुप्पट पाव घ्यावा. कोंड्याची पोई (गोल, पोकळ पाव) दुसऱ्या दिवशी तव्यावर शेकली तर चांगली लागते.

– काही ख्रिस्ती वाचक, सासष्टी, गोवा