चिपाड पुरत नाही, कारण उष्णता धुराड्यातून जाते

संपादक महोदय,

गुऱ्हाळं सुरू झाली की जळणाला चिपाड (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) पुरत नाही ही ओरड सुरू होते. मग लाकूड विकत आणावं लागतं आणि काही ठिकाणी जुने टायर, प्लास्टिकही चुलवाणात (रस उकळण्याच्या मोठ्या चुलीत) जातं. त्यावर बंदी आणि दंडाची चर्चा होते. चिपाड कमी का पडतं, हे मात्र कोणी हिशेब मांडून पाहत नाही. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा ऊष्मागतिकीचा पहिला नियम. चिपाडातून निघालेली उष्णता कुठे ना कुठे गेलेलीच असते, आणि कुठे ते मोजता येतं.

१००० किलो रसाचं आदण (एका वेळी उकळायचा रस) घेऊ. रस १८ ब्रिक्सचा (म्हणजे १०० किलोत साखरेसह १८ किलो विरघळलेले पदार्थ असलेला) असेल तर गूळ साधारण १९० किलो निघतो, म्हणजे जवळपास ८१० किलो पाणी उडवावं लागतं. रस ३० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे २७० मेगाज्यूल लागतात (विजेचं एक युनिट ३.६ मेगाज्यूलचं) आणि वाफ करायला १८३०. एकूण २१००.

आता जमेची बाजू. एवढ्या रसासाठी १६०० किलो ऊस गाळला, तर ६०० किलो ओलं चिपाड मिळतं. ते उन्हात वाळून १० टक्के ओलीवर आलं की ३३० किलो भरतं. किलोला १५ मेगाज्यूल धरले तर हाताशी ५००० मेगाज्यूल आहेत. त्यातले ४२ टक्के रसात उतरले तर बाहेरून काडीही आणावी लागणार नाही. २८ टक्केच उतरले तर ५०० किलो चिपाड लागतं, आणि तूट तिथेच पडते.

बाकीची उष्णता मुख्यतः धुराड्यातून जाते. किलोभर वाळलेलं चिपाड जळायला साधारण ५ किलो हवा पुरते. चुलवाणाचं तोंड सताड उघडं असेल तर सहज दुप्पट हवा आत ओढली जाते. ती जादा हवा जळणाच्या कामाची नसते, तरी ५०० अंशांपर्यंत तापून वर निघून जाते. या स्थितीत किलोमागे १५ पैकी ६ मेगाज्यूल धुराड्यातून जातात. जादा हवा गरजेच्या ४० टक्क्यांवर आणली तर हाच आकडा साडेचारच्या खाली येतो. त्यासाठी धुराड्याला झडप हवी, जळण लोखंडी जाळीवर पडून हवा खालून यायला हवी, आणि तोंडाला झाकण हवं.

जाळ घालण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. मोठा भारा एकदम कोंबला की आधी काळा धूर निघतो. तो न जळलेला कार्बन आहे, त्यातली उष्णता मिळालेलीच नसते. वर काजळी काहिलीच्या (रस उकळण्याच्या मोठ्या कढईच्या) बुडाला बसून आच अडवते. मूठ-मूठ चिपाड सतत टाकलं तर हे टळतं. चिपाड ओलं (५० टक्के ओलीचं) जाळलं तर त्यातलं पाणी उडवण्यातच सुमारे आठवा हिस्सा उष्णता जाते, शिवाय जाळ मंद राहतो.

दुसरी काहील बसवून धुराच्या उष्णतेवर रस आधी तापवणं चांगलंच, पण तिच्याकडून अवास्तव अपेक्षा नको. रस ८० अंशांपर्यंत तापवला तर १९५ मेगाज्यूल वाचतात, म्हणजे एकूण गरजेच्या ९ टक्के. खरा खर्च वाफेचा आहे. साखर कारखान्यात बंद भांड्यांच्या मालिकेत एका भांड्याची वाफ पुढच्या, कमी दाबाच्या भांड्यातला रस उकळते. उघड्या काहिलीची वाफ हवेत मिसळते, तिचा असा उपयोग होत नाही. म्हणून ‘निम्म्या जळणात गूळ’ असा दावा करून कोणी काही विकत असेल, तर आधी आदणाची वजनं मागावीत.

ही मोजणी गुऱ्हाळावरच होते. जाळलेलं चिपाड, काहिलीतला रस आणि निघालेला गूळ तोलायचा, धुराड्यात तापमापक घालायचा. रसाच्या वजनाला ०.२७ ने आणि उडालेल्या पाण्याला २.२६ ने गुणून बेरीज करायची, तिला चिपाडाचे किलो गुणिले १५ ने भागायचं; येतो तो रसात उतरलेल्या उष्णतेचा हिस्सा. मळीचं (उकळताना रसावरून काढलेल्या घाणीचं) वजन थोडं असतं, ते सोडलं तरी चालतं. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राने या हंगामात काही चुलवाणांचा असा ताळेबंद काढून आकडे जाहीर करावेत, आणि सुधारित चुलवाणाला अनुदान द्यायचं असेल तर ते या आकड्यावर द्यावं.

– एक औष्णिक अभियंता, कोल्हापूर