गिरणी बंद पडली तरी गाव उभं आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या मालवा मिल भागात राहणाऱ्या माणसाला गिरणी म्हटलं की पोटात कालवतंच, आमची हुकुमचंद मिल १९९१ला बंद पडली ती पडलीच. मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा जावयाने सॉल्टेअर दाखवलं. टायटस सॉल्ट नावाच्या शेठने १८५३ मध्ये अल्पाका लोकरीची गिरणी काढली, कामगारांसाठी दगडी घरं, चर्च, शाळा, सगळं गावच बांधलं (दारूचा गुत्ता मात्र नाही!). ती गिरणी १९८६ला बंद पडली, पण पाडली नाही, आत आता चित्रांची गॅलरी आहे नि २००१ पासून अख्खं गाव युनेस्कोच्या यादीत.

तिथून जवळच इल्कलीचा माळ, तिथल्या खडकांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेले वाटीसारखे खळगे नि गोल रेघा आणि एका दगडावर चक्क स्वस्तिकासारखी वळणदार आकृती! मी तर हातच जोडले, जावई हसला. झिजलेल्या दगडाला लोखंडी कठडा, शेजारी बघायला नक्कल. आणि आपल्याकडे होळकरांच्या स्मारकांच्या, कृष्णपुरा छत्र्यांच्या पायऱ्यांवर पानाच्या पिचकाऱ्या. निदान एक कठडा तरी लावा की!

आपला,
एक जुना वाचक, इंदूर