‘हनुमान नाण्या’ची बातमी छापण्यापूर्वी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कुणाच्या तरी घरात जुन्या पेटीत ईस्ट इंडिया कंपनीचे ‘दुर्मीळ’ नाणे सापडल्याची बातमी अधूनमधून फोटोसकट छापून येते. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला कंपनीचे नाव, ‘हाफ आणा’ आणि सन १६१६, १७१७ नाहीतर १८१८. हे चलन कधी नव्हतेच. १६१६ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारी व्यापाराच्या सवलतींसाठी खेटे घालत होता. कंपनीला मुंबई मिळाली तीच १६६८ मध्ये. १७१७ मध्ये मोगल बादशहा फर्रुखसियरने मुंबईत नाणी पाडायची मुभा दिली खरी, पण ती बादशहाच्या नावाची, फारसी मजकुराची. सगळ्या इलाख्यांना मिळून कंपनीचा एकच रुपया आला १८३५ मध्ये, चौथ्या विल्यमच्या छबीचा. त्याच सालच्या खऱ्या अर्ध्या आण्यावर कंपनीचे मानचिन्ह आहे. (मद्रासकडच्या काही होनांवर, म्हणजे सोन्याच्या नाण्यांवर, मात्र विष्णू आहे, त्यामुळे ‘कंपनीच्या नाण्यावर देव नसतोच’ असेही कुणी ठोकून देऊ नये.) देवघरात पूजेला ठेवायचे रामटंके ही वेगळी गोष्ट, ते रामटंका म्हणून विकले तर तक्रार नाही.

खरे-खोटे ओळखायला आधी वजन पाहावे: १८३५ चा खरा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने तोळाभर भरतो. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याच्या जोडाची बारीक रेघ राहते, भिंगातून पाहिले तर बुडबुड्यांचे खळगे दिसतात आणि अक्षरे साबणासारखी गुळगुळीत लागतात. लोखंडावर मुलामा असेल तर चुंबक सांगतोच. काळ्या-हिरव्या पुटाला भुलू नये, ते रसायनाने हवे तेव्हा चढवता येते.

पण गिऱ्हाईक फसते ते नाण्यापेक्षा गोष्टीला. ‘नांगरताना हंडा सापडला, गुपचूप विकतोय’ ही त्यातली ठरलेली. ती खोटी असेल तर नाणे बहुधा नकली. खरी असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, म्हणजे घेणाराही गोत्यात. तांदूळ ओढून घेणाऱ्या ‘राईस पुलर’ नाण्याबद्दल तर बोलायलाच नको, तो सरळ पोलिसांचा विषय आहे.

विनंती एवढीच, की अशी बातमी देण्याआधी आपल्या वार्ताहरांनी ते नाणे संग्रहालयातल्या किंवा पुरातत्त्व विभागातल्या जाणकाराला दाखवावे. छापून आलेले कात्रण उद्या विक्रेत्याच्या हातात पुरावा म्हणून जाते.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक